बाळाच्या डोक्यावरचा टोप



आजचा धडा बाळाच्या डोक्याचा आहे. त्यात थोडी माझ्या घरची गोष्ट आहे, आणि माझी एक चूकही आहे. चूक सांगायला लाज वाटते. पण दुसऱ्याच्या चुकीतून माणूस फुकटात शहाणा होतो. म्हणून सांगतो.

१. पाहुणी आली

वैशाखाचा महिना होता. ऊन मी म्हणत होते. माझी लेक पुण्याहून माहेरी आली. कडेवर सहा महिन्यांची नात. नातीच्या डोक्यावर पांढरा, कडक प्लॅस्टिकचा टोप.

नातीची आजी भाकरतुकडा ओवाळायला दारात उभी होती. तिचा हात तसाच राहिला.

"अगं बाई! हे काय घातलंस लेकराला? फटफटीवर बसवून आणलीस का?"

लेक हसली. म्हणाली, "आई, हे डोक्याचा आकार सरळ करायचं हेल्मेट आहे. डॉक्टरांनी दिलंय. तेवीस तास घालायचं, एक तास काढायचं."

"तेवीस तास? या उन्हाळ्यात? पोरीचं डोकं शिजेल की!"

आजीचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. नात सारखी डोके घासत होती. आईच्या खांद्यावर घासे. गादीवर घासे. तिला खाज येत होती. मोठ्या माणसाला खाजवता येते. बोलता येते. तान्ह्या लेकराने काय करावे?

२. डोके चपटे का होते?

आधी हे समजून घेऊ.

जन्मलेल्या बाळाची कवटी म्हणजे एक अखंड हाड नसते. ती अनेक तुकड्यांची असते. तुकड्यांमध्ये सांधे असतात. त्यामुळेच बाळंतपणात डोके बाहेर येऊ शकते. पुढच्या बाजूला मऊ जागा असते, तिला आपण टाळू म्हणतो. ती बहुधा दीड ते दोन वर्षांपर्यंत भरून येते.

पहिल्या वर्षात मेंदू फार वेगाने वाढतो. त्याच्याबरोबर कवटी वाढते. ती तेव्हा मऊ असते. बाळ एकाच कुशीवर मान ठेवून निजले, तर टेकलेली बाजू चपटी होते. ओल्या मातीचा गोळा पाटावर ठेवला, तर तो खालून बसतो. तसेच हे.

माझ्या नातीची मान एका बाजूने आखडलेली होती. ती डोके उजवीकडेच ठेवी. म्हणून मागची उजवी बाजू फार चपटी झाली होती. मानेचे व्यायाम चालू होते. जोडीला डॉक्टरांनी टोप दिला.

हा टोप डोके दाबत नाही, बरे का! पुष्कळांचा तसा समज होतो. जिथे डोके फुगीर आहे, तिथे टोप टेकतो. जिथे चपटे आहे, तिथे आत मोकळी जागा ठेवलेली असते. डोके वाढते, ते त्या मोकळ्या जागेत वाढते. वेलाला मांडव बांधून दिला की वेल मांडवाच्या बाजूने जातो, तसा हा प्रकार.

३. आमची चूक

चौथ्या दिवशी लेकीला कचेरीच्या कामासाठी पुण्याला जावे लागले. एका रात्रीचा प्रश्न होता. जाताना तिने कागदावर सर्व सूचना लिहून दिल्या. म्हणाली, "दादा, एवढं नीट वाचा."

मी म्हटले, "हो, हो. जा तू." आणि कागद पंचांगात खोचून ठेवला. वाचला नाही. पस्तीस वर्षे मुलांना 'वाचा, वाचा' म्हणून ओरडलो, आणि घरचा कागद वाचला नाही!

सायंकाळी टोप काढायची वेळ झाली. आजीने नातीला न्हाऊ घातले. डोक्यावर बारीक कोंडा दिसत होता. आजी म्हणाली, "कोरडं पडलंय डोकं. म्हणून खाजतंय." तिने खोबरेल तेल घेतले. टाळू भरली. सगळे डोके चोपडले. लेकरू खूश झाले. आजीही खूश झाली. त्या तेलकट डोक्यावर मीच टोप बसवला.

रात्री नात रडू लागली. पाजलेल्या दुधाने राहीना. पाळण्याने राहीना. सगळी रात्र डोके घासत होती. आम्ही दोघे आळीपाळीने जागलो.

सकाळी टोप काढला. डोक्यावर लाल पुरळ. मागे एका जागी लालभडक वळ. कुबट वास येत होता. आजीने तोंडाला पदर लावला.

"मीच केलं हो हे," ती म्हणाली.

इतक्यात शेजारच्या काकू आल्या. काकू आपल्या रात्रीच्या वर्गाला येतात. जोडाक्षरे नुकतीच शिकल्या आहेत. त्या म्हणाल्या, "मास्तर, ताईनं काय लिहून दिलं न्हाई का?"

तेव्हा मला कागद आठवला. चष्मा सापडेना. काकूंनीच कागद हातात घेतला. बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागल्या.

"टो-पा-खा-ली... टोपाखाली. ते-ल... तेल. ला-वू न-ये. टोपाखाली तेल लावू नये. मास्तर, ही तर पयलीच वळ हाय!"

मी खाली पाहिले. दुसरे काय करणार?

४. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या

आम्ही नातीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोके पाहिले. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, रडू नका. तेल वाईट नाही. तेलावर टोप वाईट."

मग त्यांनी कारण सांगितले. ते असे.

टोपाखाली हवा कमी खेळते. उष्णता कोंडते. घाम येतो. पहिल्या एकदोन आठवड्यांत तो जास्तच येतो, पुढे बाळाला सवय होते. घाम, केस आणि कोंडा यांचा चिखल होतो, त्याने खाज सुटते. त्यावर तेल घातले की घामाची छिद्रे तुंबतात. कातडी मऊ पडते. मऊ कातडीवर टोप घासला की पुरळ उठते. शिवाय तेल टोपाच्या आतल्या मऊ अस्तरात मुरते, आणि मग तो धुतला तरी वास जात नाही.

पावडरीचेही तसेच. घामात पावडर कालवली की तिच्या गुठळ्या होतात. आणि पावडरीची धूळ बाळाच्या श्वासातून आत जाते, तो धोका वेगळाच. हळद, राख, झाडपाल्याचा लेप, हे तर टोपाखाली नकोच.

आजीने विचारले, "मग खाज थांबायची कशी?"

"पाण्याने आणि हवेने," बाई म्हणाल्या. "दोन्ही फुकट मिळतात."

५. एका तासाचे काम

टोप काढायचा तो एक तास फार मोलाचा. त्या तासात पुढील कामे करावीत.

पहिले काम, आपले हात धुणे.

दुसरे काम, डोके धुणे. पाणी कोमट असावे. बाळाचा सौम्य साबण किंवा शांपू थोडासाच घ्यावा. बोटांच्या पेरांनी हलके चोळावे. नख लावू नये. याच वेळी बाळाची खाज भागते. मग पुष्कळ पाण्याने साबण पूर्ण काढावा. साबण मागे राहिला तर त्यानेही खाज येते.

तिसरे काम, डोके कोरडे करणे. मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे. रगडू नये. कानामागे, मानेच्या वळीत पाणी राहते, ते टिपावे. मग डोके मोकळ्या हवेत राहू द्यावे. केस पूर्ण वाळल्याशिवाय टोप घालू नये.

चौथे काम, डोके पाहणे. उजेडात पाहावे. टोप काढल्यावर थोडी लाली दिसतेच, ती तासाभरात जाते. तासाभरात गेली तर चिंता नाही. राहिली तर टोप तिथे टोचतो आहे, असे समजावे. टोप घालू नये. ज्यांनी टोप बसवला त्यांना कळवावे. ते आतून जागा करून देतात. आपण घरी कानस किंवा चाकू लावू नये.

पाचवे काम, टोप स्वच्छ करणे. टोप रोज आतून पुसावा. कशाने पुसायचा, हे बसवून देणाऱ्याने सांगितलेले असते. बहुधा सौम्य साबण किंवा स्पिरिट सांगतात. स्पिरिट असेल तर फार जपावे. ते पेट घेते. चुलीजवळ, दिव्याजवळ, उदबत्तीजवळ ते नेऊ नये. पुसल्यावर टोप सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवावा. उन्हात किंवा चुलीपाशी वाळवू नये. प्लॅस्टिकचा आकार बिघडतो, आणि साऱ्या खर्चावर पाणी पडते. स्पिरिट टोपाला लावायचे असते. बाळाच्या डोक्याला कधीही लावू नये.

डोक्याला चिकट, पिवळ्या खपल्या असतात, त्यांचे काय? तान्ह्या बाळांना अशा खपल्या पुष्कळदा येतात. त्या फारशा खाजत नाहीत, आणि काही महिन्यांत आपोआप जातात. त्या नखाने उपटू नयेत. रोज धुताना मऊ ब्रशने हलकेच सोडवाव्यात. डॉक्टरांनी तेल लावायला सांगितलेच, तर ते टोप काढलेल्या तासातच लावावे, आणि टोप घालण्याआधी धुऊन काढावे. पण कातडी फार कोरडी, लाल आणि खाजरी असेल, गालांवर व कोपरांच्या लवणांतही चट्टे असतील, तर तो दुसरा रोग असू शकतो. तो डॉक्टरांना दाखवावा. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणू नये.

६. टोप डोक्यावर असताना

उरलेल्या तेवीस तासांत खाज आली तर?

पायाला प्लॅस्टर घातले, की काही लोक आत काडी घालून खाजवतात. पाहिले असेल तुम्ही. बाळाच्या टोपात तसे मुळीच करू नये. कातडी ओरखडते, आणि जखम पिकते.

टोप वारंवार काढूही नये. घातला-काढला असे झाले की बाळाला सवय होत नाही.

मग काय करावे? बाकीचे अंग थंड ठेवावे. बाळाला एकच पातळ सुती झबले घालावे. कुंची, लोकरी टोपडे नको. सावलीच्या खोलीत ठेवावे. पंखा असावा, नाहीतर हाताने वारा घालावा. ओल्या फडक्याने मान, हात, पाय पुसावेत. टोपाखाली पातळ कापड घालावे असे वाटते. पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालू नये. त्याने टोप घट्ट होतो.

अंगावर जास्त वेळा पाजावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे पाणी लागत नाही. आईच्या दुधात पाणी असतेच.

बाळाचे मनही रमवावे. खुळखुळा वाजवा. ओवी म्हणा. कडेवर घेऊन गोठ्यातले वासरू दाखवा. आमच्या नातीची खाज वासराने निम्मी घालवली!

बाळाची नखे कापलेली असावीत, हे सांगायला नकोच.

७. दवाखान्यात केव्हा न्यावे?

पुढील खुणा दिसल्या तर टोप काढून ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

लाली एका तासात गेली नाही.
कातडी सोलली, फोड आला, पाणी किंवा पू आला.
थर्मामीटरवर ताप १००.४ किंवा त्याहून अधिक दिसला.
बाळ मलूल आहे, पीत नाही, लघवी कमी होते.
टाळू खोल गेली आहे, किंवा बाळ रडत नसतानाही फुगली आहे.

टोप दोनचार दिवस काढून ठेवावा लागला, तर टोप बसवणाऱ्याला तसे सांगावे. तेवढ्यात डोके वाढते, आणि टोप कुठेतरी घट्ट होऊ शकतो.

८. आजीचा दुसरा प्रश्न

आजी चतुर. तिने विचारले, "बाई, पाठीवर निजून डोकं चपटं होतं ना? मग पोरीला पालथी निजवली तर? नाहीतर मोहरीची उशी करते."

डॉक्टरीणबाई एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "आजी, एवढं मात्र कधी करू नका."

झोपेत धडधाकट तान्ही बाळे अचानक दगावत. कारण सापडत नसे. पालथ्या निजणाऱ्या बाळांत असे जास्त घडते, असे डॉक्टरांच्या ध्यानात आले. अमेरिकेत १९९२ साली बालरोगतज्ज्ञांनी सल्ला दिला, की बाळाला पालथे निजवू नये. १९९४ साली 'पाठीवर निजवा' अशी मोहीमच तिथे सुरू झाली. पुढील काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याच्या आसपास खाली आले. डोके चपटे होण्याची तक्रार तेव्हापासून वाढली, हे खरे. पण चपटे डोके सुधारता येते. गेलेले लेकरू परत येत नाही.

म्हणून झोपताना बाळ पाठीवरच असावे. गादी सपाट आणि घट्ट असावी. वर्षाच्या आत उशी नको, मोहरीचीही नको. बाळाचे तोंड-नाक उशीत दबण्याची भीती असते.

आणि जागेपणी? जागेपणी बाळाला रोज थोडा थोडा वेळ पालथे घालावे. समोर आपण बसावे. मान बळकट होते, आणि डोक्यावरचा भार सुटतो. पाळण्यात एके दिवशी डोके या टोकाला, तर दुसऱ्या दिवशी त्या टोकाला करावे. बाळ उजेडाकडे आणि माणसांकडे पाहते, त्यामुळे मानेची बाजू आपोआप बदलते. पाजताना व कडेवर घेतानाही बाजू बदलावी. पहिल्या महिन्यापासून एवढे केले, तर पुष्कळ बाळांना टोपाची पाळीच येत नाही.

९. टोप सर्वांनाच हवा का?

नाही. हेही समजून घ्या, नाहीतर उगाच खर्चात पडाल.

निजण्याने आलेला चपटेपणा बहुतेक वेळा दिसण्यापुरताच असतो. त्याने मेंदूची वाढ खुंटत नाही. मूल बसू लागले, रांगू लागले, की तो कमी होत जातो. हॉलंड देशात ८४ बाळांवर एक प्रयोग झाला. तो २०१४ साली छापून आला. निम्म्या बाळांना टोप दिला, निम्म्यांना दिला नाही. दोन वर्षांची झाल्यावर पाहिले, तर दोन्हींची डोकी जवळजवळ सारखीच सुधारली होती. टोपवाल्या बहुतेक बाळांच्या कातडीला मात्र त्रास झाला होता. पण ज्यांची मान आखडलेली होती किंवा डोके फारच वाकडे होते, अशी बाळे त्या प्रयोगात नव्हती. म्हणून टोप हवा की नको, हे बाळ पाहूनच डॉक्टर ठरवतात. शेजारणीच्या बाळाला दिला म्हणून आपल्या बाळाला मागू नये. डॉक्टरांनी दिला तर लाजू नये.

एक गोष्ट मात्र वेगळी. कधी कधी कवटीचे सांधे वेळेआधीच जुळतात. डोक्यावर हाडाची कडक रेघ हाताला लागते. डोके वाढत नाही किंवा वेडेवाकडे वाढते. असे वाटले तर थांबू नये. त्याला लवकर उपचार लागतात. कधी शस्त्रक्रियाही लागते. जुन्या सुइणी डोके दाबून, चोळून गोल करू पाहत. तसे दाबू नये. हाडाचा सांधा चोळून सुटत नाही.

१०. पुढे काय झाले?

दोन दिवस टोप काढून ठेवला. रोज दोनदा कोमट पाण्याने डोके पुसले. पुरळ बसले. वळ गेला. मग लेकीने पुण्याला फोन केला. त्यांनी बोलावून टोप तपासला, आत एके ठिकाणी जागा करून दिली.

लेक आम्हाला काही बोलली नाही. आजीच म्हणाली, "माझ्या हातनं झालं. आता पोरीच्या डोक्याला हात लावणार न्हाई मी."

लेक म्हणाली, "आई, तू नाही लावायचा तर कुणी लावायचा? रोजचा तो एक तास तुझा." आणि नात आजीच्या मांडीवर दिली.

तेव्हापासून तो तास आजीचा झाला. कोमट पाणी, मऊ फडके, उजेडात बसणे, ओवी म्हणणे. बोटांच्या पेरांनी डोके चोळताना नात डोळे मिटून घेई. तेल नव्हते, पण हात तोच होता.

लेकीचा तो कागद मी भिंतीला चिकटवला. मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहिला. शेजारच्या काकू येता-जाता तो वाचत. एक दिवस मला म्हणाल्या, "मास्तर, आता न अडखळता येतो बगा!" त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. नातीने टाळ्या पिटल्या. मी उभा राहून ऐकला.

अक्षर येणे ही एक गोष्ट. समोरचा कागद वेळेवर वाचणे ही दुसरी. पहिली तुम्ही शिकलात. दुसरी मी साठीनंतर शिकलो. तुम्ही एवढा उशीर करू नका.

लक्षात ठेवा

टोपाखाली तेल नको, पावडर नको, लेप नको.
रोज धुवा, पूर्ण वाळवा, मग टोप घाला.
तासाभरात लाली न गेल्यास टोप काढा.
बाळ झोपताना पाठीवर, जागेपणी थोडे पालथे.
कागद पंचांगात ठेवू नका. वाचा.

प्रश्न

१. टोप घातलेल्या बाळाला खाज का येते?
२. टोप उन्हात का वाळवू नये? स्पिरिट चुलीजवळ का नेऊ नये?
३. मास्तरांची चूक कोणती? ती कोणी दाखवून दिली?
४. तुमच्या घरी औषधाची चिठ्ठी, बाळाच्या लसीचे कार्ड किंवा बियाण्याची पिशवी असेल. त्यावर काय छापले आहे, ते आज मोठ्याने वाचा. घरातल्या सर्वांना ऐकवा.